दोन आटे सैल

४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

परवा सकाळी देवाला दिवा लावला आणि तसाच बाहेर जाऊन मी ड्रायव्हरकाकांना कामावरून काढलं. आपल्या जुन्या ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक नांगर अर्ध्यावर उचलतं आणि थांबतं. काकांनी चांगलं तेल विकून हलकं भरलं, असं मी चार माणसांसमोर बोललो. बावीस वर्षं राबलेला माणूस. ट्रॅक्टरची किल्ली ओट्यावर ठेवली आणि निघून गेला. मग मी नवं तेल भरलं, फिल्टर धुतला. नांगर आहे तिथेच. तुमचा जन्म वर्कशॉपात गेला. आता काय तपासू ते कळवा.

आठवण ठेवत जा.
तुमचा धाकटा

९ मार्च

चि. धाकट्यास,
अ. आ.

पत्र वाचलं. अरे, ते मी केलंय. गेल्या महिन्यात आलो होतो, तेव्हा तू हायड्रॉलिकने उचलायच्या मागच्या फळीवर दुप्पट पोती लादून चढावर निघालास. पुढची चाकं जमीन सोडत होती. बोललो तर हसलास, देव आहे म्हणालास. म्हणून तू पूजेला बसल्यावर मी हायड्रॉलिकच्या दाबाचा स्क्रू दोन आटे सैल केला, जादा वजन उचलूच नये म्हणून. नांगरही अडेल हे या मोठ्या मिस्त्रीच्या डोक्यात आलं नाही. ड्रायव्हर शेजारीच होता. तुला सांगणार नाही, असा शब्द मी त्याच्याकडून घेतला. त्याने तो इतका पाळावा?

दाब मोजायला प्रेशर गेज घेऊन मी येतो. तोवर स्क्रूला हात लावू नकोस. आधी त्याच्या घरी जा.

रागावलास तरी पत्र टाक.
दादा

१३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा हिने वाचून दाखवलं, तरी डोक्यात शिरेना. ही म्हणाली, भाऊ दोघेही शहाणे आणि शिक्षा तिसऱ्याला.

पाय निघत नव्हता. आज त्याच चौघांना घेऊन काकांकडे गेलो. ते दाराशी खाटेची दोरी ओढत बसले होते. निदान मला तरी सांगायचं, म्हटलं. दोरी न सोडता म्हणाले, दादांना शब्द दिला होता, आणि तुमची चाकं उचललेली मीही पाहिली होती. माझ्याच जिवासाठी हा माणूस चोर ठरला होता.

परत येणार का, हे त्यांनी सांगितलेलं नाही. मीही विचारलं नाही. हात जोडून, चूक माझी होती, एवढं चौघांसमोर मोठ्याने बोलून आलो.

तुमची माया अशीच राहू द्या.
तुमचा धाकटा