मामाच्या डोळ्यातली म्हातारी प्रथिनं

चि. विदुषी भाचीबाईसाहेब यांस,

शिवणयंत्रावर वाकून वाकून कमरेतच कायमचा नमस्कार झालेल्या मामाचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक, माझ्या भुवया सोडून. त्यांचं पुढे येईलच. तुझी तब्येत कशी आहे? प्रयोगशाळेत वेळेवर जेवतेस ना? (जेवत नसशील. आईवर गेली आहेस.)

पत्रास कारण की, तुझी मामी, डोळ्यांचे डॉक्टर आणि समोरचा चष्मेवाला या तिघांनी संगनमत करून माझा मोतीबिंदू काढायचा घाट घातला आहे, आणि मी नाही म्हणजे नाही असं ठणकावून सांगितलं आहे. निमित्त काय, तर वकीलसाहेबांचा काळा कोट. कोट मी झकास शिवला, फक्त उजवी बाही नेव्ही ब्लू निघाली. दोन्ही तागे कपाटात शेजारी, वर ती मेली मिणमिणती ट्यूबलाइट, त्यात माझा काय दोष? शिवाय वकीलसाहेबांनी स्वतः तो घालून आरशात पाहिला, मान डोलावली आणि नेला. कोर्टात हात उंचावून मुद्दा मांडायला लागले, तेव्हा न्यायाधीशांनी विचारलं म्हणे, की हा हात आपलाच का? म्हणजे धड डोळ्यांच्या माणसाला स्वतःची बाही दिसत नाही, आणि ऑपरेशन माझं! हे मी दुकानात चारचौघांदेखत बोललो. गिऱ्हाईक गेलं ते गेलंच.

मला बळ दिलंस ते तूच. मागच्या खेपेला पलंगावर मांडी ठोकून तू सांगितलंस, ते मी कान देऊन ऐकलं होतं. पेशीत ही छोटी छोटी हीट शॉक प्रथिनं असतात. उष्णता वाढली, ताण आला, की बाकीच्या प्रथिनांची घडी विसकटते आणि ती एकमेकांना चिकटायला लागतात, तेव्हा ही धावत येऊन त्यांना धरून ठेवतात, गुठळी होऊ देत नाहीत. हृदयाच्या स्नायूत हीच, मज्जातंतूंत हीच. आणि डोळ्याच्या भिंगात तर जन्माच्या आधीपासूनची भरती. बदली नाही, रजा नाही, निवृत्ती नाही! मी मामीला म्हटलं, इतकी वर्षं ज्यांनी माझं भिंग स्वच्छ ठेवलं, त्यांना आता म्हातारपणी घराबाहेर काढू? एवढ्या इमानानं तर तुझा भाऊही वागला नाही. (त्यानंतर काही दिवस स्वयंपाक मीच केला.)

आता भुवया. तू म्हणाली होतीस, की जरा ऊब दिली की पेशी ही प्रथिनं जास्त बनवतात. मग ऊब देणारा माझ्यासारखा दुसरा कोण? वाफेची इस्त्री तापवली, ओल्या अस्तरावर दाबली आणि त्या वाफेत तोंड घातलं. म्हटलं, उठा रे बाबांनो, कामाला लागा. तेवढ्यात तोल गेला आणि कपाळ भुवयांसकट इस्त्रीला टेकलं. चर्र! प्रथिनं उठली की नाही देव जाणे, मी मात्र बोंबलत उठलो. दवाखान्यातल्या नर्सबाई मलम लावताना इतक्या हसल्या, की निम्मं मलम कानात गेलं. वर डॉक्टर सांगतात, भिंगाच्या आतल्या पेशींना नवं प्रथिन बनवताच येत नाही, आहेत तीच जन्मभर पुरवायची, ती थकली की गुठळ्या होतात, आणि त्या गुठळ्या म्हणजेच मोतीबिंदू. मामी म्हणते, हे तूही सांगितलं होतंस. मी तेव्हा चहा टाकायला उठलो होतो. अगं, मग जरा ओरडून सांगायचं होतंस!

आणि तुझ्या प्रथिनांचा भोळेपणा तरी किती! कॅन्सरच्या पेशी औषधानं मरायला लागल्या, की त्यांनाही हीच वाचवतात म्हणालीस. समोर कोण आहे ते न बघता मदत! मामी म्हणाली, अगदी तुमच्यासारखी. हे कौतुक होतं की टोमणा, हे मी विचारलं नाही. पण सांगून ठेवतो, मी हटणार नाही. बोटांना कापड कळतं, सुई ओवायला मामी आहे. डॉक्टर असो नाहीतर न्यायाधीश, मी कुणाच्या बापाला भीत नाही.

तूर्तास एवढंच. राग तुझ्यावर नाही, मी अर्धवट ऐकलेल्या तुझ्या शास्त्रावर आहे.

तुझा,
ताठ मानेचा (कमरेचं सोड) मामा

ता. क. ऑपरेशन गुरुवारी सकाळी आहे. तारीख मीच जाऊन घेतली. मामीला सांगितलेलं नाही, तिला जिंकल्यासारखं वाटेल. खरं सांगू? परवा काळा दोरा कुठला आणि निळा कुठला, हे तिला विचारावं लागलं. ती माझ्या दोन खिशांत दोन रिळं वेगवेगळी घालून गेली. हसली असती तर चाललं असतं गं.

आणखी ता. क. जुनं भिंग म्हणे चुरा करून ओढून काढतात आणि टाकून देतात. तुझ्या प्रयोगशाळेला तो चुरा उपयोगी पडणार असेल तर डॉक्टरांशी बोल. जन्मभर राबलेली मंडळी आहेत ती, केराच्या डब्यात गेलेली मला बघवणार नाहीत. तेव्हा तू ये. माझ्यासाठी नव्हे, त्यांच्यासाठी. जमलं तर बुधवारीच ये, रात्री मला झोप लागायची नाही.