चिनार झालेल्या मुलीस

द्राक्षतोडणीचा महिना, चंद्राची सातवी

चि. मिर्ताले हिस तुझ्या आईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही सगळे सुखरूप आहोत. काळ्या शेळीला दोन करडं झाली. द्राक्षं यंदा बारीक, पण गोड आहेत. बाबा बरे आहेत. मीठवाल्याने तुझी मेणाची पाटी गुपचूप माझ्या हातात दिली. ती मी पिठाच्या रांजणात लपवली आहे आणि दिवसातून चारदा काढून वाचते. त्यामुळे सध्या आमच्या भाकरीला मेणाचा वास येतो.

मुलगी झाली हे वाचून मी रांजणाशीच बसून रडले. नाक आपल्या घरचं आहे म्हणतेस, म्हणजे बिचारीचं कठीणच आहे. थेरोन तुला नीट वागवतो, नौकांच्या सुतारकामातून वेळ काढून पाळणा करतो, हे वाचून जीव भांड्यात पडला. पण पुढे लिहितेस की महिनाअखेर मुलीला घेऊन येते आणि बाबांचे गुडघे धरून माफी मागते.

येऊ नकोस.

थांब, भाकरी करपतेय.

हं. रागावू नकोस, आधी ऐक. तीन वर्षं झाली, तुला हे कळवायचं धाडस झालं नाही. तू गेलीस त्या सकाळी झऱ्यावर तुझा हंडा आणि ओढणी मला सापडली. तेवढ्यात बाबा, तेलघाणीवाला एवफ्रोन आणि त्याचे चार भाऊ कुत्री घेऊन आले. एवफ्रोनशी लग्नाला पाच दिवस उरले होते आणि नवरी गायब. बंदराच्या वाटेवर कुत्री सोडली असती तर दुपारच्या आत त्यांनी तुम्हाला गाठलं असतं. एवफ्रोनच्या आणि भावांच्या हातात दांडके होते. समोर एक कोवळं चिनाराचं रोप होतं. मी त्याला मिठी मारली आणि किंचाळले, "नदीदेव तिच्या मागे लागला हो! माझ्या डोळ्यांदेखत तिच्या हातांवर साल चढली!"

सगळ्यांनी दांडके खाली टाकले. देवाच्या बायकोमागे कुत्री कोण सोडणार? मला वाटलं, संध्याकाळपर्यंत टिकलं तरी पुष्कळ. पण शेजारची गोर्गो धावत आली आणि म्हणाली, "मी पाहिलं ना! बैलाची शिंगं होती त्याला, आणि दाढीतून पाणी गळत होतं!" आता तर ती त्याच्या डोळ्यांचा रंगसुद्धा सांगते.

तर तू इथेच आहेस बाळ. तुला लोकरीचे गोफ बांधतात. लग्न ठरलेल्या मुली आपले केस कापून तुझ्या बुंध्याशी ठेवतात. बाबांनी तुझे नवव्या दिवसाचे विधी केले, दूधमध ओतलं, स्वतःचं डोकं भादरलं. अशात तू काखेत पोर घेऊन चालत आलीस तर? नदीदेवाची बायको सुताराबरोबर पळाली, असं म्हणायचं का गावाने? पहिला दगड एवफ्रोन उचलेल आणि दुसरा त्या मुली, ज्यांनी तुझ्यापुढे केस कापले.

म्हणून येऊ नकोस. नातीसाठी लोकरीचं टोपडं विणते आहे, ते मीठवाल्याबरोबर पाठवते.

बाबा बरे आहेत हे वर लिहिलंच आहे.

*

चंद्राची नववी

मीठवाल्याचं गाढव लंगडलं म्हणून पत्र अजून इथेच आहे. बरंच झालं. दोन दिवस मला एका जागी बसवत नाही. मागाशी बसते, चार धागे घालते, उठते. अंगण तीनदा झाडलं.

बाबा बरे नाहीत. खोकल्यातून रक्त पडतं. वैद्य म्हणाला, ऑलिव्ह उतरवायच्या दिवसापर्यंत राहिले तर राहिले. तरी रोज सकाळी काठी टेकत तुझ्यापाशी, म्हणजे झाडापाशी, जातात आणि पाठ टेकून बसतात. परवा मी लव्हाळ्यात लपून ऐकलं. झाडाला म्हणत होते, "एवफ्रोन म्हातारा होता, मला काय दिसत नव्हतं? शब्द देऊन बसलो होतो गं. तू रडलीस तेव्हा मी उठून गोठ्यात गेलो. तिथून ऐकू येत नाही म्हणून." आयुष्यात ज्या माणसाने कुणापुढे मान तुकवली नाही, तो झाडासमोर नाक ओढत होता. ओरडून सांगावंसं वाटलं, की अहो, ती जिवंत आहे! पण मागच्या पावली घरी आले. तीन वर्षं मी त्यांना एका रोपट्यापुढे रडवलं, मिर्ताले. तुला वाचवलं याचा पश्चात्ताप नाही. याचा आहे.

आणि काल दुपारी जेवताना ते एकदम म्हणाले,
"अगं, तो मेनिप्पोस लढाईवरून परत आला, तेव्हा त्याला किती कापड लागलं होतं?"

मेनिप्पोस तुला आठवतो ना? मेला समजून त्याचे विधी उरकले होते, आणि हा दोन वर्षांनी दारात उभा. विधी झालेल्या माणसाला पुन्हा जन्मल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नाही. म्हणून बायकांनी त्या मिशाळ गड्याला न्हाऊ घातलं, बाळंत्यात गुंडाळलं आणि आईच्या छातीशी धरलं. तू हसून हसून ओट्यावरून पडली होतीस.

मी म्हटलं, "मला काय ठाऊक? तुम्हाला कशाला हवंय?"
"बाईमाणसाला जरा कमी लागेल," ते भाकरीकडे बघत म्हणाले.
माझ्या हातून वाडगा पडला.
"तिच्या नव्या चपला खुंटीवर नव्हत्या त्या दिवशी," ते म्हणाले. "झाडाला चपला कशाला लागतात?"
"मग तुम्ही बोलला का नाहीत?"
"कुत्री परत फिरवायची होती ना! आणि नंतर... झाडाशी बोलणं सोपं गेलं." मग बराच वेळ खोकले. "आणि त्या भाकरीला मेणाचा वास येतो. पोरीला म्हणावं, लवकर ये. मला फार दिवस नाहीत."

तेव्हा वरचं सगळं पुसल्यासारखं समज. महिनाअखेर नको, पाटी मिळताच निघ. गावात शिरू नकोस, खिंडीतल्या आपल्या जुन्या गोठ्यात थांब. मी बायकांना घेऊन येते. नदीदेवाने तुला त्याच्या लेकीसकट सोडलं असं गोर्गोच्या कानात टाकलं की पुरे, संध्याकाळपर्यंत तिने ते स्वतः पाहिलेलं असेल. देवाने परत दिलेल्या मुलीवर दगड उचलायची एवफ्रोनची छाती नाही. आम्ही तुला न्हाऊ घालू, गुंडाळू, आणि या वाळक्या छातीशी मी तुला धरीन. हसू नकोस त्या वेळी. मी मात्र बहुतेक हसेन.

नवजात बाळाला बापाने उचलून चुलीभोवती फिरवायचं असतं. बाबा म्हणाले, एवढी थोरली मला उचलणार नाही, हात धरून फिरवीन. झाडाचं काय, असं मी विचारलं. म्हणाले, "राहू दे त्याला. बिचाऱ्याने माझं फार ऐकून घेतलंय."

कापड मागावर चढवलं आहे. अठरा हात होईल. तेवढं विणून होईपर्यंत पोच.

पुन्हा बाळंत व्हायला निघालेली,
तुझी आई फिलिन्ना