दोन विश्वांचा सत्कार

मेढा, ४ जानेवारी २०२६

चि. संयोगितास अनेक आशीर्वाद.

फोनवर तू नुसती हं हं करतेस, म्हणून कागदावर धरतो. पंचवीस तारखेला गावात तुझा सत्कार आहे. चावडीपुढच्या सभेत मीच जाहीर केलं, की माझ्या पुतणीनं सांगलीत बसून सिद्ध केलं, विश्वाला ताणणारी कृष्ण ऊर्जा आता दमत चालली आहे. टाळ्या थांबेनात. फलक लागला, हलगीवाले ठरले, आणि आज तुझी आई सांगते की तू येत नाहीस. शेजारची अंबूबाई गावभर म्हणत फिरते, पोर लय शिकली, आता गाव कशाला आठवंल. मी काय उत्तर देऊ?

उत्तराची वाट पाहणारा, चिडलेला,
तुझा लालासाहेब तात्या

सांगली, ९ जानेवारी २०२६

ती. तात्यांस सा. न. वि. वि.

मी काहीही सिद्ध केलेलं नाही. दिवाळीत तुम्हाला सांगताना मी प्रत्येक वाक्याला ‘जर’ लावला होता. तो तुम्ही घरीच ठेवून सभेला गेलात.

पुन्हा सांगते. घाटातून गावांचे दिवे रस्त्याकडेनं दाटलेले दिसतात, तशा दीर्घिका लांबलचक धाग्यांवर दाटल्या आहेत, मधे प्रचंड रिकाम्या जागा. किती दाटायच्या, यात कृष्ण ऊर्जेचा हात असतो. मी संगणकावर दोन विश्वं वाढवली. एकात तिचा जोर कायम, दुसऱ्यात ओसरणारा. खऱ्या आकाशाच्या मोजणीशी दोन्ही जुळतात. त्यांच्यातला फरक मोजणीच्या चुकीहून लहान आहे. आपलं विश्व कोणतं, मला ठाऊक नाही, आणि माझ्या प्रबंधात हेच लिहिलं आहे. मार्चमध्ये तोंडी परीक्षा आहे. तुमचा फलक मोबाईलवर फिरत परीक्षकांपर्यंत गेला, तर माझ्या कामावर कोण विश्वास ठेवील? खोट्यासाठी मी फेटा बांधून घेणार नाही. सत्कार रद्द करा.

रागवा, पण बोलणं टाकू नका.
तुमची संयोगिता

मेढा, १५ जानेवारी २०२६

चि. संयोगितास आशीर्वाद, आज जरा हात राखून.

इतकी वर्षं, एवढा संगणक, आणि उत्तर काय, तर ठाऊक नाही. चिडून दोन दिवस तुझं पत्र खिशात घेऊन फिरलो. मग लक्षात आलं, की मी जन्मभर ज्या बुवांविरुद्ध आणि पुढाऱ्यांविरुद्ध घसा फोडला, त्या सगळ्यांना सगळं ठाऊक होतं.

फलक काल उतरवला. सभा बोलावून सांगितलं, की तात्या चुकीचं बोलला, पोरीनं असं म्हटलंच नव्हतं. एक टाळी पडली नाही. अंबूबाई तेवढी पदराआड हसली.

सत्कार मात्र होणार. तू ये, आणि ठाऊक नाही हे माईकवरून सगळ्या गावाला ऐकू जाईल असं सांग. प्रास्ताविक शाळामास्तर नाथाजी करेल. मी समोर सतरंजीवर बसून ऐकणार आहे. मला ऐकायची सवय नाही, तेव्हा आटोपशीर बोल.

माया कळवायला शब्द लागत नाहीत, असं समजून घे.
तुझा तात्या