मी पाहुणी नाही

बुधवार, ४ मार्च

चि. धाकट्यास,

काल, मंगळवार, ३ मार्च रोजी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी तू वाचनालयामागच्या खोलीत गेलास आणि आमच्या दारू सोडणाऱ्यांच्या बैठकीसाठी खुर्च्या मांडत असलेल्या प्लंबरला सांगितलंस की तुझी बहीण दारू सोडायला येत नाही, ती दारुड्यांवर पुस्तक लिहिते आहे. आशीर्वाद आधी द्यायचे असतात हे मला ठाऊक आहे. आज ते शेवटी उरले तर देईन.

मी साडेसहाला पोचले तेव्हा तू पसार झाला होतास. मी आत शिरले आणि विषय बदलला. गेल्या आठवड्यात जी माणसं माझ्यासमोर हमसून रडली होती, ती काल हवापाण्यावर बोलली. माझी पाळी आली तेव्हा मी नेहमीसारखी उभी राहून म्हटलं की मी दारुडी आहे. त्यावर प्लंबर अगदी समजुतीने म्हणाला की बाई, कशाला त्रास घेता, आमच्यात मिसळायला तुम्ही असं म्हणता हे भावाने सांगितलंय. जन्मभर खोटं बोलले, तर शाळेपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांना पटलं. खरं बोलायला लागले तर दारुड्यांनासुद्धा पटेना.

त्या खोलीत मला कोणी बोट धरून नेलं नव्हतं. सरकारी दवाखान्याच्या भिंतीवरचा कागद वाचून दोन-तीनदा दारापर्यंत गेले आणि परतले. शेवटी आत गेले, तर मुलासाठी आलात की नवऱ्यासाठी असं विचारून मला शेजारच्या, नातेवाइकांच्या खोलीकडे वळवायला लागले. मी सांगितलं की तिकडे माझ्या भावाला पाठवा, मी इथेच बसते.

तू खोटं बोललास एवढं त्यांना लेखी कळव. आशीर्वाद उरलेले नाहीत.

अजून तरी तुझीच,
ताई


गुरुवार, ५ मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र कंपाउंडरने भर दवाखान्यात हातात दिलं. ते वाचतानाचा माझा चेहरा बघून खुर्चीवरच्या पेशंटने दात काढायचा बेत रहित केला.

माझा हेतू वाईट नव्हता गं. तू मुख्याध्यापिका होतीस. निम्मं गाव तुझ्या हाताखालून गेलंय. उद्या तिथे एखादा जुना विद्यार्थी बसलेला निघाला तर? तुझ्या भाचीच्या सासरी मी काय सांगू? आणि मुळात आपल्या घरात कोणी पीत नाही. तू संध्याकाळी थोडी घेतेस, तीही झोप लागावी म्हणून. परगावी माझा एक डॉक्टर मित्र आहे. त्याच्याकडे गुपचूप सोय होईल. गुडघ्यांच्या उपचारांना गेली असं सांगू.

तुझी भावजय बाजूला उभी राहून म्हणते आहे की ताईंचं बरोबर आहे असं लिहा. मी लिहीत नाही.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
धाकटा


शनिवार, ७ मार्च

चि. धाकट्यास,

आपल्या घरात कोणी पीत नाही, नुसतं घेतात. जशी लोकांची मुलं नापास होतात आणि आपली मागे राहतात. माझे गुडघे ठणठणीत आहेत. त्यांची उगाच बदनामी करू नकोस.

जुना विद्यार्थी निघाला तर, म्हणतोस. एक निघाला आहे. कोण ते बाहेर सांगायचं नाही असा तिथला नियम आहे. मला बघून तो सवयीने उभा राहिला. मी म्हटलं, बस, इथे तू माझ्याहून वरच्या वर्गात आहेस.

आता तुझ्या त्या ‘थोडी घेतेस’बद्दल. मी शाळेत नोकरीला असताना एकदा तू माझी अक्कलदाढ काढत होतास. भुलेचं एक इंजेक्शन झालं, दुसरं झालं, तरी हिरडी बधिर होईना. तेव्हा तू हात थांबवून माझ्याकडे पाहिलंस. आणि निघताना, मी मागितलं नसताना, पुदिन्याच्या वासाचं गुळण्यांचं औषध हातात ठेवलंस. पिणाऱ्यांना भूल लवकर चढत नाही; तुला तेव्हाच कळलं होतं. तोंडाला वास येऊ नये, एवढीच तुझी काळजी. मी त्या औषधाने रोज गुळण्या करून शाळेत जात होते आणि माझ्या थर्मासात कॉफी नसायची.

संध्याकाळी टेकायला मला त्या खोलीतली एक खुर्ची आहे. ती गेली तर मी पुन्हा प्यायला लागेन. मी स्वतःला ओळखते. गावाच्या भीतीने ती खुर्ची मी सोडणार नाही, आणि तुझ्या मायेने तर मुळीच नाही.

तेव्हा प्लंबरच्या नावे सहीनिशी लिही: माझी थोरली बहीण दारू पीत होती, ती इथे बरी व्हायला येते, पुस्तकाची गोष्ट मी बनवून सांगितली. फोन करू नकोस, फोनवर तू फार गोड बोलतोस. माझ्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर म्हणायच्या की ज्याखाली सही करवत नाही ते तोंडातून काढू नये. तू त्यांच्या हाती लागायला हवा होतास.

पत्र आलं नाही तरी मी साडेसहाला जाणारच, आत घेतलं नाही तर दाराबाहेर बसून ऐकेन. पण त्याआधी पाचपासून तुझ्या दवाखान्यातल्या बाकावर बसेन आणि पेशंटना माझी ओळख करून देईन, तिथे उभी राहून देते तशीच.

भावजयीला अनेक आशीर्वाद. तुझ्या वाट्याचे अडकवून ठेवले आहेत. पत्र लेखी, सहीचं, माझ्या हातात, मंगळवार, १० मार्च, संध्याकाळी पाचच्या आत.

ताई