बोंड राहिलं

आई, तुला लिहायला बसलेय, आणि पहिल्याच ओळीत जो शब्द लिहायचाय तो तू आयुष्यात कधी मोठ्याने उच्चारला नसशील. बोंड. माझ्या स्तनाचं बोंड राहिलं, आई. कॅन्सर काढून टाकला आणि ते राहिलं.

तुझं ऑपरेशन झालं तेव्हा मी दहा वर्षांची होते. मोहने गावातल्या आपल्या खोलीतली ती दुपार अजून लख्ख दिसते. मी शाळेतून धावत येते, दार ढकलते. तू पाठमोरी, ब्लाउजच्या रिकाम्या बाजूला जुन्या सुती साडीची घडी बसवतेयस. "दार वाजवता येत नाही?" तू इतक्या जोरात ओरडलीस की शेजारच्या काकू बाहेर आल्या. त्यानंतर तू अकरा वर्षं जगलीस, बालवाडीतल्या पोरांना नाचून नाचून गाणी शिकवलीस, पण माझ्यासमोर पदर म्हणून कधी ढळू दिला नाहीस. तुझ्या वेळी तुला कुणी काही विचारलंच नव्हतं.

गेल्या वर्षी मला डाव्या बाजूला गाठ लागली. ठाण्याच्या डॉक्टरीणबाई माझ्याहून लहान. सगळं समजावून झाल्यावर म्हणाल्या, "अजून काही विचारायचंय?" मी नवऱ्याकडे बघितलं, तो पंख्याकडे बघत होता. शेवटी मीच तोंड उघडलं. "निपल ठेवता येतं का हो?"

त्या हसल्या नाहीत. "तुमची गाठ लहान आहे, निपलपासून लांबही आहे. आतला भाग सगळा काढू, त्वचा आणि निपल ठेवू, आत इम्प्लांट बसवू. पण ऑपरेशन चालू असतानाच निपलच्या मागचा तुकडा तपासू. त्यात काही सापडलं तर मात्र काढावंच लागेल. आणि राहिलं तरी तिथे पूर्वीसारखं जाणवेलच असं नाही."

डोंबिवलीला घरी आल्यावर वन्सं म्हणाल्या, "अगं, या वयात कशाला ते? जीव वाचला म्हणजे झालं."

"जीव वाचवायचाच आहे, वन्सं. पण तो राहणार याच अंगात ना?"

शुद्धीवर आले तर तोंडाला कोरड. "आहे?" एवढंच विचारलं. तुझा जावई, ज्याने लग्नाच्या बावीस वर्षांत हा शब्द उच्चारला नव्हता, तो आनंदाने ओरडला, "तुकडा साफ निघाला! निपल ठेवलंय!" अख्खा वॉर्ड वळला. पलीकडच्या खाटेवरच्या आजी म्हणाल्या, "अभिनंदन हो!" आणि सिस्टर तोंडाला रुमाल लावून पळाली. मला हसू आवरेना, टाके दुखत होते तरी.

पहिले काही दिवस ते काळं पडलं होतं. जगतंय की नाही, डॉक्टरीणबाई दर खेपेला नीट बघायच्या. मग एके दिवशी खपली सुटली, खाली गुलाबी. अजून तिथे बोट लावलं तर काही कळत नाही. पण आरशात बघते तेव्हा समोरची बाई पूर्ण मीच असते. परवा पहिल्यांदा नवऱ्याला म्हटलं, "बघ ना." त्याने बघितलं, आणि त्याचे डोळे भरून आले. मग दोघांनी कांदाभजी तळून पोटभर खाल्ली.

हे पत्र कपाटात राहील. वरच्या खणात, साड्यांखाली. एक मात्र कबूल करते, आई. ते राहिलं असं कळलं त्या दिवशी मला तुझी आठवण आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. इतकी खूश होते मी.