बनूच्या डोळ्यांची बाटली

हैदराबाद, मार्च १९७४

आक्का, तुझ्या आणि दाजींच्या पाया पडतो. मी बरा हाय, दोन वेळचं पोटभर मिळतं.

ट्रकवरचं काम सोडलं ते बरंच झालं. आता प्रयोगशाळेत काचेची भांडी धुतो. इथं एक मांजर हाय, आपल्या मनीवाणीच लबाड, परवा तर तिनं… असू दे, भलतंच लिहीत बसलो.

मागं कळवलं होतं ना, इथं माणसाच्या रक्तातनं एक प्रोटीन काढत्यात, ते लिव्हरातलं अ जीवनसत्त्व रक्तातनं डोळ्यापर्यंत नेतं. त्याची एक बाटली तुझ्या बनूसाठी आणतो म्हणालो होतो. काल डॉक्टरीणबाईंना मागितली. त्या म्हणाल्या, "अरे सयाजी, हे औषध नाही. नुसतं अभ्यासापुरतं शुद्ध केलंय. आणि पोरीची बुबुळं पांढरी पडलीत म्हणतोस, आता कशानंच दिसायचं नाही रे." मग त्यांनी मला बसवून चहा पाजला.

तवा बाटलीची वाट बघू नगंस. धाकट्या ज्ञानूला तेवढं आटपाडीच्या दवाखान्यात ने, अ जीवनसत्त्वाचा डोस पाजतील, त्याची नजर तरी वाचंल. शेवग्याचा पाला खायला घाल. दाजींची कंबर कशी हाय? शेळी व्याली का?

आणखी एक. दिवेलागणीला बनूपुढं कंदील धरून तू रोज "दिसतोय का गं?" इचारतीस, आणि ती व्हय म्हणती. आता इचारू नगंस, आक्का. दिवाळीला आलो तवा मी कंदील न पेटवताच तिच्यापुढं धरला होता. तवाबी ती व्हयच म्हणाली.

तुझा धाकटा,
सयाजी