फॉल्टच्या पलीकडचा गॅस

जुन्नर,
दि. ११ फेब्रुवारी २०२५

प्रिय तेजस्विनी,

सलाम आणि नमस्कार, दोन्ही. अम्मीचा गुडघा आता बरा आहे, काठीशिवाय ओट्यापर्यंत जाते. माझी रजा अजून आठवडाभर आहे. फोन मुद्दामच केला नाही. हल्ली बोलता बोलता तू मधेच गप्प होतेस, आणि मला वाटतं, शेजारी आपले साहेब बसलेत.

परवा तुझी आई शिनोलीहून हुरडा घेऊन आली. चहा पिता पिता म्हणाली, "इफरा, तुझ्या एका सहीपायी आमच्या तेजूचं प्रमोशन अडलंय म्हणं. करून टाक की गं." मी हसून वेळ मारून नेली. पण बडोद्याच्या ऑफिसातली माझी सही शिनोलीत कशी पोचली?

मग तू सहीसाठी पाठवलेला गॅससाठ्याचा अहवाल उघडला. विहीर एकच, तीही खडक जिथं तुटून सरकलाय त्या फॉल्टच्या पश्चिमेला. पूर्वेला सिस्मिक डेटात, म्हणजे जमिनीत लहरी सोडून मिळालेल्या चित्रात, चकाकणारा पट्टा, बाकी पुरावा काही नाही. तरी पूर्वेचा सगळा गॅस तू 'सिद्ध', म्हणजे नक्की हाती येणाऱ्या साठ्यात धरलास. नकाशात फॉल्टच नाही, आणि खाली नाव माझं.

अब्बांना दाखवला. द्राक्षबागा बघून सौदे करण्यात त्यांची हयात गेली. म्हणाले, "मधी ओढा आसंल तर पल्याडची बाग न्यारी धरायची. हितले घड बघून तिथलं वजन सांगायचं न्हाई." त्यांना कळतं ते तुला कळू नये? लई राग आला तुझा.

आता जे टाळत होते ते लिहिते. फॉल्ट मी पुसला. डिसेंबरात साहेब म्हणाले, "फॉल्ट नसता तर साठा किती भरला असता, बघ जरा." मी मुकाट्यानं तसा नकाशा केला आणि तुझ्या फोल्डरमध्ये ठेवला. त्यावर 'फक्त अंदाजासाठी' असं लिहायला हवं होतं. नाही लिहिलं. साहेब खूश होते, मलाही ते आवडत होतं.

पण खरा नकाशाही तिथंच होता, तेजू. मग तू हाच का उचललास?

आज सकाळी साठ्याचे आकडे तपासणाऱ्या बाहेरच्या तपासनिसांना खरा नकाशा पाठवला. पुसणारी मीच, हेही कळवलं. नोकरी बहुधा जाईल. तुझं नाव कुठंही घातलेलं नाही. सोमवारी ते तुला विचारतील, दोन नकाशे आहेत हे माहीत होतं का म्हणून.

नावाआधी 'तुझी' लिहायचं की नाही, ते तू त्यांना काय सांगतेस ते ऐकून ठरवीन.

इफरा